कानाला खडा

सोमवार, ४

ही डायरी माझी नाही. राखाडी गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात सापडली. गेल्या वर्षीची आहे, त्यामुळे वार जुळत नाहीत. छापलेले खोडून माझे लिहितोय. आधीच्या मालकानं अख्ख्या वर्षात चार ओळी लिहिल्यात. एका पानावर ‘दात’. एका पानावर ‘मेहुणीचा वाढदिवस, विसरू नये’. आणि एका पानावर ‘पुढच्या डाव्या चाकाचा आवाज, दाखवणे’, त्याखाली वेगळ्या शाईत ‘पुन्हा आवाज’. पुढं सगळं कोरं. माणूस आळशी असणार नाहीतर मेला असणार. मेहुणीला काय दिलं असेल, याचा विचार करत माझी सकाळ गेली.

तर, नोकरी लागली. आलो होतो रस्ता विचारायला. जुन्या गाड्यांचं दुकान आहे, म्हणजे तारेचं कुंपण, आत बावीस गाड्या आणि एक पत्र्याची खोली. मालकाला सगळे काका म्हणतात. रस्ता विचारता विचारता मी त्यांना बर्फाच्या कारखान्यात कामाला होतो ती गोष्ट सांगितली, मग बोटीवरची, मग बोटीवरून का हाकललं ती. काका म्हणाले, “केवढं बोलतोस रे! घरी काय म्हणतात तुला?”

“भोवरा.”

“थांब इथंच, भोवऱ्या. असाच माणूस हवा होता.”

काम सोपं आहे. गाडी घेऊन गेलेली माणसं तक्रार घेऊन परत येतात, त्यांना सांभाळायचं. काका त्यांना माहेरवाशिणी म्हणतात. “गाडी विकली की ती सासरी गेली. चार दिवसांनी रडत माहेरी येणारच. चहा द्यायचा, रडं ऐकायचं आणि परत सासरी धाडायची. ठेवून घ्यायची नाही.” मी एवढा हसलो की चहा नाकातून आला.

झोपायला कुठलीही गाडी. तीन महिने टिकलो तर पगाराऐवजी एखादी मला देणार म्हणाले. माझी गाडी! मग मी थेट समुद्रापर्यंत जाणार, कुणाला विचारायचं नाही.

बुधवार, ६

राखाडी गेली. एका गाण्याच्या बाईंनी घेतली. पन्नाशीच्या, काटकुळ्या, बोटांना खडू लागलेला. गावाबाहेरच्या तीन शाळांत मुलांना गाणं शिकवतात. तिकडची बस बंद झाली. “गाडी नसेल तर शाळा सुटतील माझ्या,” असं त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं. काका नंतर म्हणाले, गरज अशी दारातच सांगणारं गिऱ्हाईक देवानं रोज एक द्यावं.

फेरी मारताना काका चालवत होते, बाई शेजारी, मी मागं. मला सांगितलं होतं, तोंड बंद ठेवायचं नाही. बाईंनी एकदा विचारलं, “आवाज वगैरे करत नाही ना?” काकांनी रेडिओ लावला आणि म्हणाले, “ऐका, किती गोड.” माझा हात खिशातल्या डायरीकडं गेला होता. पण त्या वेळी माझी बर्फाच्या कारखान्याची गोष्ट निम्म्यावर आली होती, आणि गोष्ट अर्धी सोडणं मला जमत नाही.

उतरताना बाई मला म्हणाल्या, “एवढं बोलतोस, तर श्वास कधी घेतोस? खालून घे. पोटातून.” आणि माझ्या पोटावर दोन बोटं टेकवून दाखवलं. गाडीच्या दुकानात कुणी श्वास शिकवतं का! मजा आली.

शनिवार, ९

आज मिस्त्रीनं खडा दाखवला. मिस्त्री म्हणजे आमचा मेकॅनिक, दिवसाला दहा शब्द बोलतो. बेकरीवाला माहेरी आला होता, त्याच्या गाडीतून कुठूनतरी कण्हल्यासारखा आवाज येतो म्हणून. मिस्त्रीनं गाडी मागं नेली, चाकाच्या टोपीत तीन खडे टाकले आणि परत दिली. तासाभरात बेकरीवाला घाबराघुबरा होऊन हजर. “आता तर खडखडतेय हो!” मिस्त्रीनं त्याच्या डोळ्यांसमोर टोपी काढली, खडे तळहातावर घेतले, “हे बघा.” बेकरीवाला इतका खूश झाला की उद्या पाव पाठवतो म्हणाला. कण्हण्याचं विसरूनच गेला.

मी विचारलं, “आणि तो पहिला आवाज?”

“आहे तिथंच आहे.”

काका खोलीतून ओरडले, “लोक कानाला खडा लावतात, आपण चाकाला लावतो!” काकांना असं पटकन सुचतं.

मंगळवार, १२

बाई आल्या. चिडलेल्या वगैरे नाहीत, वर्गात फळ्यासमोर उभ्या राहाव्यात तशा उभ्या राहिल्या. “पुढून, डावीकडून आवाज येतो. चाळीसच्या वेगाला असा.” आणि त्यांनी गाऊन दाखवला. घुंऽऽ. “साठला असा.” तोच, पण वर चढलेला. “उजवीकडं वळलं की मोठा होतो. डावीकडं वळलं की दबतो.”

मागं हात पुसणारा मिस्त्री तसाच फडकं धरून राहिला.

काकांनी टाळ्या वाजवल्या. “वा मॅडम! तुम्ही तर गाडीचं गाणं बसवलंत! अहो, बोलते म्हणजे जिवंत आहे. नव्या गाड्या मुक्या असतात. भोवऱ्या, चहा. परवा आणा, मिस्त्री बघेल.”

त्या गेल्यावर मिस्त्री म्हणाला, “डाव्या चाकाचं बेअरिंग. न उघडता सांगितलं बाईनं. सोन्याचा कान आहे.”

काका म्हणाले, “उघडलंस का तू चाक?”

“नाही.”

“मग तुला काय माहीत? आणि एका माहेरवाशिणीला दागिना घातला की बाकीच्या एकवीस दारात उभ्या राहतात. परवा खडा दाखव.”

मी नंतर डायरीतलं ते पान काढून बघितलं. पुढचं डावंच. योगायोग तरी कसे असतात! बाईंना दाखवलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. पण याच डायरीत आता माझंही लिहिलेलं आहे, ते खाजगी आहे.

गुरुवार, १४

खडा चालला नाही. बाई तासाभरानं परत आल्या त्या तक्रार करायला नाही, समजावून सांगायला. “ही खडखड आजची आहे, चाकाच्या टोपीतली. ती काढा. पण घुं वेगळी, ती अजून आहे.” मिस्त्री मान खाली घालून खडे काढत होता. बाईंनी त्यातला एक उचलला, वळून आमच्या अंगणाकडं बघितलं, तिथं तसलेच खडे पसरलेत, आणि तो मिस्त्रीच्या हातावर परत ठेवला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण थोडा वेळच, कारण लगेच एका गाडीच्या सीटखाली मला कवळी सापडली. खालचीच, वरची नाही. माणूस कवळी विसरून गाडी विकतो म्हणजे काय!

सोमवार, १८

काकांनी आज मला समोर बसवून शिकवलं.

“खोटं बोलायचं नाही. कधीच नाही. खोटं पकडलं जातं. फक्त विचारायचं.”

“काय?”

“नक्की?”

“एवढंच?”

“एवढंच. पण प्रेमानं. आजारी माणसाला विचारतात ना, तसं. नक्की? एकदा तू, एकदा मी. कागदावर तीस दिवसांची हमी आहे, त्यातले बारा गेले. उरलेले याच्यावर काढायचे.”

मग माझ्याकडून म्हणवून घेतलं. पहिल्यांदा माझा सूर पोलिसासारखा आला. दहाव्या वेळी काका म्हणाले, “हां! असा. तुझा चेहरा चांगला आहे रे, गरीब दिसतो.” शाळेत कधी कुणी माझी अशी पाठ थोपटली नव्हती.

गुरुवार, २१

आज फेरी मारली. तेच तिघं. काकांनी या वेळी रेडिओ बंद ठेवला, मला आज गप्प बसायला सांगितलं होतं, आणि गाडी तिशीच्या वर नेली नाही. मला गप्प बसवत नाही. मनातल्या मनात सबंध वेळ बोटीवरची गोष्ट चालू होती.

उजवीकडं वळलो. “हा,” बाई म्हणाल्या. “आता. ऐकलंत?”

काकांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, पूर्ण वळून बसले. “मॅडम... नक्की?”

“हो, नक्की.”

माझ्याकडं बघितलं. मी पुढं वाकलो. “बाई, नक्की?”

“अरे, आत्ता तर येत होता.”

पुढच्या वळणावर परत तेच. त्याच्या पुढच्याला परत. चौथ्या वेळी काकांनी काही विचारलंच नाही, नुसत्या भुवया उचलल्या. बाई काचेतून बाहेर बघत होत्या. म्हणाल्या, “मला वाटतं, येतोय.”

“वाटतं,” काका म्हणाले, इतक्या हळू की जणू त्यांनाच वाईट वाटलं.

परत आल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. “बघितलंस? ‘आहे’चं ‘वाटतं’ झालं. आता आपण काही करायचं नाही. ते आपोआप कुजतं.”

मी एक शब्द खोटा बोललो नाही. मुद्दाम लिहून ठेवतोय.

सोमवार, २५

ताईचा फोन. मी मोठ्या हौसेनं सगळं सांगितलं, काका, खडे, माहेरवाशिणी. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, “आणि त्या बाईंची गाडी?”

“काय गाडी?”

“चाक आहे ना रे ते? चाकाला काय होतं मग?”

मी म्हटलं, मिस्त्रीला विचारतो. ती म्हणाली, “लहानपणी काच फोडून आलास की असाच आवाज यायचा तुझा.” मग मला समुद्राचं सांगायचं होतं, तर तिनं ठेवून दिला. लग्न झाल्यापासून फार सासुरवाशीण झालीय.

मिस्त्रीला विचारलं खरं. तो जेवत होता. म्हणाला, “आधी गातं. मग किंचाळतं. मग चाक पुढं जातं आणि आपण मागं राहतो.”

“मग तू सांगत का नाहीस काकांना?”

“सांगितलं होतं. एकदा. दुसऱ्या गाडीचं.” त्यानं डबा बंद केला. “घरी चार तोंडं आहेत माझ्या.”

गुरुवार, २८

आज बाई तक्रार घेऊन आल्याच नाहीत. मला बाजूला बोलावलं. डोळ्यांखाली काळं झालंय.

“तुला एक विचारू? वर्गात एक मुलगी गात होती. मी तिला तीनदा थांबवलं, सूर चुकतोय म्हणून. रडायला लागली. मागं दुसऱ्या शिक्षिका बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, बरोबर गात होती ती. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. रात्रभर तोच आवाज ऐकत पडते मी, गाडी बाहेर बंद उभी असताना. तू मागं बसला होतास. तुला खरंच ऐकू आला नाही?”

मी म्हटलं, “माझं काय घेऊन बसलात, बाई! माझं तोंड चालू असलं की मला ढग फुटला तरी कळत नाही.” हे खरंच आहे.

त्या हसल्या. “कान वाईट नाही तुझा. तू तो वापरत नाहीस.” मग म्हणाल्या, “म्हण बघू,” आणि एक सूर दिला. तो तोच होता, चाळीसचा. मी म्हटला. लागला! पोटातून घेतला श्वास. अंगणातल्या बावीस गाड्यांसमोर आम्ही दोघं घुंऽऽ करत उभे. बाईंचा चेहरा एकदम उजळला आणि लगेच पडला, कारण काका आले.

काकांनी स्वतःच्या हातानं कानाच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला. “फी मी देतो वाटल्यास. तुम्ही मला बहिणीसारख्या.”

शुक्रवार, ५

तीस दिवस आज भरले. बाई आल्या तेव्हा अंगणात चार-पाच गिऱ्हाइकं होती. काकांनी लांबूनच मोठ्यानं विचारलं, “काय मॅडम, काय म्हणाले डॉक्टर?”

बाई जवळ येऊन हळू म्हणाल्या, “ऐकण्यात दोष नाही म्हणाले. पण या वयात काही जणांच्या कानात उगाच घुमतं, असंही म्हणाले.”

“या वयात कानात घुमतं!” काकांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं परत सांगितलं. “आणि औषध गाडीला मागतायत! अहो, ड्रॉप कुठं घालू, टायरमध्ये?”

सगळे हसले. मी पण हसलो. सगळे हसताना आपण एकट्यानंच तोंड सुतकी करून उभं राहणं बरं दिसत नाही. बाईंनी सगळ्यांमधून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. वर्गात एखाद्या मुलाचं नाव आठवत नसावं तसं.

शुक्रवार, १२

बाईंनी गाडी परत केली. काका जी किंमत म्हणाले ती घेतली, बोलणं पूर्णसुद्धा ऐकलं नाही. “ज्याला आपल्या कानाचा भरवसा नाही, त्यानं शाळेच्या रस्त्यावर गाडी चालवू नये,” म्हणाल्या. तिन्ही शाळांना कळवून टाकलंय म्हणे. किल्लीला खडूचा रंग लागला होता.

काका त्या गेल्यावर म्हणाले, “याला म्हणतात नांदवणं.” मला या वेळी हसू आलं नाही, पण पोटही बरं नव्हतं सकाळपासून. बेकरीवाल्याचा पाव शिळा होता बहुतेक.

बुधवार, १७

गाडी मिळाली!!! तीन महिन्यांऐवजी दीड महिन्यातच. काका म्हणाले, “राखाडी घेऊन टाक. या गावात तिला आता कोणी हात लावणार नाही. आणि तुझाही हिशोब मिटला.” म्हणजे नोकरी संपली, असं मिस्त्रीनं मला नंतर समजावलं. असू दे. माझी गाडी!

दुपारी एकटाच निघालो. शेजारी कोणी नाही, मागं कोणी नाही. गोष्ट सांगायला गेलो तर ऐकणारं कोणी नाही. गप्प झालो.

चाळीसला आला. घुंऽऽ. बाईंनी दिला होता अगदी तोच, मी बरोबर म्हणूनही बघितला. साठला वर चढला. उजवीकडं वळलो, मोठा झाला. डावीकडं वळलो, दबला. मी गाडी थांबवली. मग उलटं वळून परत दुकानात.

“काका, आवाज येतो हिला. मिस्त्रीला बेअरिंग बदलायला सांगा ना.”

काका पेपर वाचत होते. वर न बघता, प्रेमानं, आजारी माणसाला विचारावं तसं म्हणाले, “नक्की?”

आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “वाटतं.”

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पण हसलो. मग पाणी आणून दिलं त्यांना.

मिस्त्री फाटकापर्यंत आला. “लांब जाऊ नकोस.”

“समुद्र किती लांब आहे?”

“हिच्यासाठी लांब आहे.”

गुरुवार, १८

ठरवलं. आधी बाईंकडं जायचं. डायरीतलं ते पान फाडून खिशात ठेवलं. सांगायचं, बाई, तुमचा कान बरोबर होता, हे घ्या, आधीच्या माणसानंही लिहून ठेवलंय. रस्ताभर तालीम केली.

त्यांची गल्ली डोंगरउताराला आहे, कोपऱ्यावरून उजवीकडं वळावं लागतं. मी वळलो तर बाई दाराबाहेर पायरीवर येऊन उभ्या होत्या. मी हॉर्न वाजवला नव्हता. त्यांचे डोळे मिटलेले होते. गाडी थांबली तेव्हा उघडले.

“ही तुझ्याकडं आली होय.”

“हो, बाई. आता माझी आहे.”

“छान.” हातानं कठडा घट्ट धरलेला. “बरा आलास. एका शाळेचं पत्र आलंय. परत या म्हणतात, तुमच्याशिवाय मुलं गप्प बसून राहतात, जाण्यायेण्याची सोय करतो. सोमवारपर्यंत कळवायचंय.” खाली एक पायरी उतरल्या. “मी मुलांसमोर अशी उभी राहणार नाही. आधी खात्री हवी. तू आता एकटाच चालवत आलास ना? कुणाशी बोलत नव्हतास?”

“नाही, बाई.”

“मग सांग. काही ऐकू आलं?”

हात खिशातच होता, पान बोटांत. पण मग मला वाटलं, हो म्हटलं की बाई गाडी परत मागणार. त्यांचीच ती. काकांकडं जाणार, काका माझ्याकडं येणार, आणि मी परत पायी. इतकी वर्षं पायीच तर फिरतोय. आणि समुद्राचं आता सगळं ठरलेलं आहे.

मी म्हणालो, “नाही. काही नाही.”

बाई माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं. काकांसारखं नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी मान हलवली. थांब म्हणाल्या, आत जाऊन माझ्यासाठी वाटेत खायला डबा घेऊन आल्या. “लांब जाणार असशील. श्वास खालून घे.” दार लावलं. मी उताराला गाडी न्यूट्रलमध्ये घातली आणि अगदी हळू हळू उतरलो, आवाज होऊ नये म्हणून.

शुक्रवार, १९

काल खूप अंतर तोडलं. सकाळी घाटाच्या पायथ्याशी थांबून डबा खाल्ला. झाकणावर खडूचं बोट उमटलंय. समुद्र या डोंगरापलीकडं आहे, असं टपरीवाला म्हणाला. उतार फार आहे पलीकडं, ब्रेक बघून घे म्हणाला. मी म्हटलं, ब्रेक उत्तम आहेत.

डावीकडची काच कालपासून थडथडतेय, त्यानं डोकं उठलं होतं. आत्ता खिशातलं ते पान काढलं, चार घड्या घातल्या आणि काचेच्या फटीत दाबून बसवलं. थोडी फेरी मारून बघितली. थडथड पार थांबली.

आता दुसरा आवाज, चाकाचा, फार स्पष्ट ऐकू येतो. मिस्त्री म्हणाला होता तसंच, पन्नासच्या पुढं तो गात नाही.